बोबड्या बोलांचे व्याकरण : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. फाट्यापासून जवळच आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. परतीच्या वाटेवर तो ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांसोबत होता आणि आळ्यात त्याने देह ठेवला, असे सांगतात. समाधीपुढे माथा टेकून बाहेर आल्यावर भाषेच्या अभ्यासकाच्या मनात एक खोडकर विचार येतोच. रेडा वेद बोलला, पण 'तहान लागली' असे काही बोलला नाही. त्याच्या मुखातून आले ते पूर्वीच रचलेले, अक्षरन् अक्षर ठरलेले. चमत्काराचे मोल त्याने उणे होत नाही. मात्र त्याच गावात एखादे दोन वर्षांचे पोर अंगणात तांब्या लवंडते आणि 'पानी शांडलं' म्हणते, तेव्हा ते कोणाचे पाठ केलेले वाक्य म्हणत नसते. दोन शब्द त्याने स्वतः जुळवलेले असतात, क्रियापदाला पाण्याच्या लिंगाचा प्रत्यय लावलेला असतो, आणि स्वतःवरचा आळ शिताफीने टाळून फक्त घडलेली गोष्ट सांगितलेली असते. 'मी सांडलं' नव्हे, 'पाणी सांडलं'.

हे त्याला कोणी शिकवले? या प्रश्नाभोवती उभ्या राहिलेल्या अभ्यासाला भाषार्जनाचा अभ्यास म्हणतात. तो भाषाशास्त्रात मोडतो, मानसशास्त्रात मोडतो, थोडा कानाच्या डॉक्टरांकडे जातो आणि बराचसा आयांच्या, आज्यांच्या व अंगणवाडीच्या ताईंच्या अनुभवात विखुरलेला असतो. या क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि घरात लहान मूल असलेल्या कोणासाठीही ही प्रस्तावना आहे. आधी काही वाचलेले असण्याची गरज नाही. कान मात्र उघडे हवेत.

सुरुवात चुकांपासून करू, कारण या अभ्यासाचे खरे धन तिथेच आहे. 'मी करलं', 'बाबा येला', 'आजी जाली' अशी वाक्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलांकडून आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. आता जरा विचार करा. घरात 'करलं' कोण म्हणते? कोणीच नाही. आई 'केलं' म्हणते, आजोबा 'केलं' म्हणतात, शेजारच्या काकूही 'केलं'च म्हणतात. म्हणजे हा शब्द ऐकून उचललेला नाही. तो घरीच, पोराच्या डोक्यात तयार झालेला आहे. बस-बसला, पड-पडला, हस-हसला असे शेकडो शब्द ऐकून मुलाने एक नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. नियम बरोबर आहे. मराठीच तिथे आडमुठी आहे. गंमत अशी की हेच मूल काही महिन्यांपूर्वी 'केलं' असे अगदी नीट म्हणत होते. तेव्हा तो सुटा, ऐकीव शब्द होता. नियम सापडल्यावर त्याने तो मोडला आणि आईबापांना वाटले, पोरगं मागे चाललंय. खरे तर ते पुढे गेले होते. 'घोडाला', 'पाणीत', 'झाडवर' यांचेही तेच. 'ला', 'त' आणि 'वर' कुठे लावायचे हे त्याला कळले. त्याआधी शब्दाचे रूप बदलते, 'घोड्या', 'पाण्या', 'झाडा' असे होते, हे कळायचे अजून बाकी आहे.

मुले नियम काढतात, नुसती नक्कल करत नाहीत, याचा साधा आणि सुंदर पुरावा जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ मध्ये दिला. तिने चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले. नाव ठेवले 'वग'. इंग्रजीत असा शब्दच नाही. मग दोन प्राणी दाखवून विचारले, आता इथे दोन काय आहेत? मुलांनी बिनदिक्कत अनेकवचन करून दिले. कधी न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन पाठांतराने येणे शक्यच नव्हते. हा प्रयोग मराठीत आणखी रंगतो, कारण आपल्याकडे लिंगे तीन. कागदावर एक चित्र काढा आणि पाच वर्षांच्या मुलाला सांगा, हा टिमका. आता दोन झाले, दोन काय? 'टिमके.' ही चिबुली, दोन? 'चिबुल्या.' हे टुबकं, दोन? 'टुबकी.' मुलाने 'लिंग' हा शब्दही ऐकलेला नसतो. 'हा', 'ही', 'हे' आणि शब्दाचा शेवट एवढ्यावर त्याचे काम भागते.

याहून अवघड कोडे भूतकाळाचे. मुलगा म्हणतो 'मी जातो', मुलगी म्हणते 'मी जाते'. क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे चालते. पण 'मी भाकरी खाल्ली', 'मी भात खाल्ला', 'मी केळं खाल्लं' असे म्हणताना बोलणारा बाजूला पडतो आणि क्रियापद खाण्याच्या वस्तूमागे जाते. परदेशी प्रौढ माणूस मराठी शिकायला बसला की इथे त्याला घाम फुटतो. आपली पोरे शाळेचे तोंड पाहण्याआधी हे सहज बोलत असतात. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा काही दिवस 'मी येते', 'मी जाते' म्हणतो आणि घरचे हसतात; हसण्यासारखे आहेच, पण त्यातही तर्क आहे. 'मी' म्हणणारे माणूस त्याने सर्वांत जास्त ऐकले ते आई. नकाराचीही तीच तऱ्हा. मराठीत नाही, नको, नये, नव्हे अशी नकारांची पलटणच आहे. त्यातले 'नको' मुलाच्या तोंडी लवकर बसते, आणि का बसते हे वरणभाताचा घास घेऊन मागे धावणाऱ्या कोणालाही विचारावे.

तोंड उघडण्यापूर्वी कान बराच काळ कामाला लागलेले असतात. १९८० मध्ये अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवून दिले की जन्मून तीन दिवसही न झालेले मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते. चोखणीला जोडलेल्या यंत्रावर मूल कोणत्या लयीत चोखते त्यावर कोणता आवाज लागेल हे ठरत असे, आणि बाळांनी आपली लय बदलून आईचा आवाज मिळवला. त्यानंतरचा एक प्रयोग तर आपल्या अक्षरांवरच झाला. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले. इंग्रजी मोठ्यांना हा फरक ऐकूच येत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. पण सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ऐकू आला. आवाज बदलला की बाजूचे खेळणे उजळते, हे ओळखून ती मान वळवत. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो जाणवला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने एक समजूत उलटी केली. मूल कोऱ्या कानांनी येऊन हळूहळू आवाज गोळा करते असे नाही. ते पुष्कळ भाषांचे आवाज ओळखत येते आणि वर्षाच्या आत घरच्या भाषेला ज्यांचा उपयोग नाही त्यांच्याकडे कानाडोळा करायला शिकते. जुन्नरच्या बाळाचे 'त' आणि 'ट' शाबूत राहतात, कारण 'ताट' म्हणायला दोन्ही लागतात.

आता एक गोष्ट, जी मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी आणि सहसा नसते. मोठी माणसे लहानांशी ज्या खास बोलीत बोलतात त्या बोलीच्या जागतिक अभ्यासात मराठी पहिल्या पंगतीला आहे. १९६४ मध्ये चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना करणारा निबंध लिहिला. त्या सहा भाषा म्हणजे अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी आणि स्पॅनिश. त्याच वर्षी 'वर्ड' या संशोधनपत्रिकेत मराठीच्या बाळबोलीवर स्वतंत्र निबंध आला. लेखक अशोक रा. केळकर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले हे भाषाशास्त्रज्ञ (१९२९-२०१४) मराठी वाचकांना 'वैखरी' आणि साहित्य अकादमी मिळालेल्या 'रुजुवात'मुळे माहीत आहेत. घरोघरच्या मंमं, दुदू, भूभू, माऊ, हम्मा, बाऊ, गाईगाई, भुर्र या शब्दांकडे त्यांनी व्याकरणकाराच्या गांभीर्याने पाहिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

हे शब्द जरा जवळून पाहा. आवाज सोपे, बहुतेक ओठांवरचे किंवा दातांजवळचे. पुष्कळदा तोच आवाज दोनदा. 'र'च्या जागी 'ल', म्हणून 'अले अले, काय झालं'. विभक्तीची कटकट नाही. विषय ठरलेले: खाणे, झोपणे, दुखणे, बाहेर जाणे, शी-शू, प्राणी आणि बाप्पा. सातबारा, कर्जाचा हप्ता आणि कांद्याचा भाव यांना बाळबोलीत शब्द नाहीत. फर्ग्युसन यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की हे शब्द मुले तयार करत नाहीत. ते मोठ्यांकडे असतात, आजीकडून आईकडे येतात आणि मुलाला दिले जातात. बाकी भाषेसारखीच ही परंपरागत चीज आहे. म्हणूनच कोमांची घरातले बाळ 'हम्मा' म्हणत नाही. काही सुशिक्षित घरांत हल्ली बाळाशी पहिल्या दिवसापासून 'शुद्ध' बोलण्याचा आग्रह दिसतो. तो निरुपद्रवी आहे, पण त्यामागची भीती खोटी आहे. 'भूभू' म्हणत वाढलेला माणूस पुढे कुत्र्याला कुत्रा म्हणतोच. उलट टोकाचे उदाहरणही आहे. पापुआ न्यू गिनीतले कालुली लोक लहानांशी असे लाडिक बोलणे योग्य मानत नाहीत, हे बांबी शिफलिन यांनी तिथे राहून नोंदवले. त्यांची मुलेही कालुली भाषा उत्तम बोलतात. तेव्हा बाळबोली भाषेसाठी अनिवार्य नाही. ती प्रेमाची आणि लक्ष वेधण्याची युक्ती आहे, आणि तशी ती चांगली युक्ती आहे.

मग मुलाला नेमके काय मिळते? आळेफाट्याच्या एसटी स्थानकात ऐकलेला एक संवाद देतो. नऊवारीतली एक आजी, मांडीवर दोनेक वर्षांचा नातू. समोर गाडी लागते.

'गाली आली.'

'आली ना गाडी. कोंची गाडी आली?'

'लाल.'

'लाल गाडी आली. कुठं चालली लाल गाडी?'

'मामा.'

'मामाकडं? नाय रं बाळा, ही कल्याणला चालली. मामाची गाडी येऊ दी, मंग जाऊ मामाकडं.'

'मामाकलं.'

आजीने काही शिकवले नाही. 'गाली नव्हे, गाडी म्हण' असे ती म्हणाली नाही. तिने नातवाचा शब्द उचलला, त्यात भर घातली आणि प्रश्न लावून परत केला. 'लाल'चे 'लाल गाडी आली' झाले. 'मामा'चे 'मामाकडं' झाले आणि शेवटी तो प्रत्यय, बोबडा का होईना, पोराच्या तोंडी आला. तिने दुरुस्त केली ती एकच गोष्ट: गाडी मामाच्या गावाची नाही, कल्याणची आहे. हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन यांनी १९६२ पासून अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा अशी टोपणनावे दिलेल्या तीन मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्या नोंदी तपासताना ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांना १९७० मध्ये हेच आढळले: आईबाप मुलांच्या वाक्यातला खरेखोटेपणा सुधारतात, व्याकरण बहुधा सोडून देतात. ब्राउन यांचा 'अ फर्स्ट लँग्वेज' (१९७३) हा ग्रंथ आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. ब्राउन यांच्या नोंदींतली अमेरिकन आई आणि आपल्या स्थानकातली आजी या बाबतीत एकाच वळणाच्या निघाव्यात, याचे मला नवल वाटत नाही. लहान मुलाशी बोलताना कोणाचेही लक्ष ते काय म्हणते याकडे असते, कसे म्हणते याकडे नसते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार आधुनिक पाश्चात्त्य संशोधनाच्या फार आधी झाला आहे. भाषार्जनाची पुस्तके बहुधा १९५७ साली बी. एफ. स्किनर यांनी मांडलेल्या सवय-बक्षिसाच्या सिद्धान्तापासून आणि १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी त्याच्या काढलेल्या वाभाड्यांपासून सुरू होतात. मूल भाषेची घडण जन्मतःच घेऊन येते की ऐकलेल्यातून उभी करते, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मायकेल टोमासेलो यांच्यासारखे लोक दुसऱ्या बाजूने बोलतात. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि कोणाचाही झेंडा घाईने खांद्यावर घेऊ नये. पण सातव्या शतकाच्या सुमारास आपल्या मीमांसकांनी मांडलेले चित्रही त्याच्या नजरेसमोर असावे. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण.' तो गाय आणतो. बाजूला एक मूल पाहत असते. त्याला एवढेच कळते की त्या सबंध आवाजाचा या सबंध कृतीशी संबंध आहे. मग कधी 'गाय बांध' ऐकू येते, कधी 'घोडा आण'. एक शब्द येतो, एक जातो. त्यासरशी कृतीतला एक भाग येतो, एक जातो. या घालण्या-काढण्याला ते आवाप आणि उद्वाप म्हणत, आणि मोठ्यांचे वागणे पाहून होणाऱ्या या शिकण्याला वृद्धव्यवहार. प्रभाकराचे म्हणणे, शब्दाला अर्थ मिळतो तो वाक्यात जोडलेल्या अवस्थेतच. कुमारिलाचे म्हणणे, शब्द आपापला अर्थ आधी सांगतात, मग त्यांची सांगड पडते. हा वाद आजही शिळा झालेला नाही. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना विरामाशिवाय अखंड वाहणारा अर्थहीन आवाज दोन मिनिटे ऐकवला. कोणत्या अक्षरामागे कोणते अक्षर वारंवार येते, एवढ्यावरून बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे ओळखले. आवाप-उद्वापाची ही पूर्वतयारीच म्हणायची. मीमांसकांच्या चित्रातला एक तपशील मला फार आवडतो: त्या मुलाशी थेट कोणी बोलतच नाही. वाड्यात, वस्तीवर, शेताच्या बांधावर मोठ्यांच्या बोलण्यात वाढणारे मूल त्यांनी पाहिले होते. बाई आणि बाळ असे दोघेच समोरासमोर बसलेले घर पुष्कळ नंतरच्या संशोधनात आहे.

आळेफाट्यासारखे ठिकाण या अभ्यासाला का उपयोगी, हे आता सांगायला हवे. इथल्या घरांतली मराठी म्हणजे पाठ्यपुस्तकातली मराठी नव्हे. 'पानी' आणि 'लोनी' म्हणणारी घरे आहेत, 'मपलं' आणि 'तुपलं' म्हणणारी आहेत, 'व्हय' आणि 'नव्हं' आहेच. पश्चिमेला घाटमाथ्याकडे, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत. त्यांच्या बोलण्याचा बाज निराळा. साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात, त्यातल्या बंजारा घरांत गोरमाटी चालते. ढाब्यांवर, गॅरेजांत, कांद्याच्या आणि टोमॅटोच्या बाजारात उत्तरेकडची हिंदी ऐकू येते. मुंबईला नोकरीला असलेल्यांची पोरे मे महिन्यात येतात ती इंग्रजी गाणी घेऊन. तीन वर्षांच्या मुलाच्या कानावर यातले बरेच काही एका दिवसात पडू शकते.

इथे अभ्यासकाची पहिली कसोटी लागते. तीन वर्षांचे मूल 'पानी' म्हणाले तर ते बोबडे की बिनचूक? घरचे 'पाणी' म्हणत असतील तर त्याला 'ण' अजून जमलेला नाही. घरचे 'पानी'च म्हणत असतील तर त्याने आपली भाषा पूर्ण शिकलेली आहे. 'बाळ'ला 'बाल' म्हणणाऱ्या मुलाचेही तसेच. घर ऐकल्याशिवाय मुलाबद्दल बोलू नये. हा साधा नियम शाळेत रोज मोडला जातो आणि तो मोडण्याची किंमत पहिलीतले पोर गप्प बसून मोजते. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातल्या सामाजिक भेदांवर प्रबंध लिहिला आणि पुढे तिथेच मुलांच्या भाषेला मान देणारी शाळा उभी केली. भाषाशास्त्राने वर्गात कसे उतरावे याचा महाराष्ट्रातला तो चांगला दाखला आहे. दोन भाषांत वाढणारे मूल गोंधळते, ही भीतीही सोडावी. गोरमाटी आणि मराठी एका वाक्यात आणणारे मूल गोंधळलेले नसते. त्याच्या घरातले मोठेही तसेच बोलतात.

मोबाइलबद्दल विचारणा होतेच, म्हणून थोडक्यात. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारे माणूस बसून खेळले, काहींना तेच टीव्हीवर दाखवले. माणसासोबत खेळलेल्या बाळांनी चिनी आवाजांतले फरक टिपले. टीव्हीवाल्यांना काहीच लाभ झाला नाही. पडदा प्रश्न विचारत नाही आणि 'मामाकडं?' म्हणून वळूनही पाहत नाही. घास भरवण्यापुरता मोबाइल दाखवणाऱ्या आईला मी बोल लावणार नाही, तिला शेतात जायचे असते. पण त्यातून पोर भाषा शिकते आहे, असे समाधान तिने मानू नये.

आणि एक बाब मनावर घेण्याची. प्रत्येक मुलाची गती वेगळी, हे खरे. कोणी दहाव्या महिन्यात बोलते, कोणी दीड वर्षाने. 'याचा बापही उशिरा बोलला' हे आजीचे म्हणणे अनेकदा खरेही ठरते. तरीही वर्ष होईपर्यंत मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येणारे शब्द गमावू लागले असेल, तर वाट पाहू नये. सगळ्यांत आधी कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि शंका असेल ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषा येत नाही असे मुळीच नाही. खुणांच्या भाषेत वाढणारी बाळे हातांनी बडबडतात, हे लॉरा पेटिटो यांनी १९९१ मध्ये दाखवले. धोका बहिरेपणाचा नाही. पहिली काही वर्षे कोणत्याच भाषेविना जाण्याचा आहे. अकबराने सोळाव्या शतकात मुक्या दाया ठेवून काही अर्भके वाढवली होती आणि काही वर्षांनी पाहिले तेव्हा ती बोलत नव्हती, ही हकिकत अबुल फजलने लिहून ठेवली आहे. तसा क्रूर प्रयोग पुन्हा करण्याची गरज नाही. बहिरेपणाचे निदान उशिरा झाले की तो आपोआप घडतो.

शेवटी या क्षेत्राच्या दारिद्र्याबद्दल. २०२२ मध्ये इव्हान किड आणि रोवेना गार्सिया यांनी भाषार्जनाच्या चार प्रमुख संशोधनपत्रिकांचे पंचेचाळीस वर्षांचे लेख मोजले. जगात सुमारे सात हजार भाषा. अभ्यास झालेल्या जेमतेम १०३, आणि निम्म्याहून अधिक लेख एकट्या इंग्रजीवर. मूल भाषा कशी शिकते याबद्दल आपण जे ठामपणे बोलतो ते मूठभर भाषांच्या मुलांवरून. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त होते, तरी मराठी मुलांच्या बोलण्याची नोंद अगदी तुटपुंजी आहे. याच जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून जे पुरावे जमवले त्यात तो होता, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दर्जा मंजूर झाला. आनंदाची गोष्ट. दगडावरची मराठी आपण जपली. अंगणातल्या मराठीकडे मात्र केळकरांच्या निबंधानंतर साठ वर्षांत फार थोडे लोक वळले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींच्या सर्वेक्षणाचे मोठे काम हाती घेतले आहे. त्याला मुलांच्या भाषेची जोड मिळाली तर मराठीकडून जगाला पुष्कळ काही सांगण्यासारखे आहे. तीन लिंगे, बदलणारी सामान्यरूपे आणि कर्त्याला सोडून कर्मामागे जाणारे क्रियापद, हे सारे इंग्रजीच्या अभ्यासातून कधीच दिसणार नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डार्विनने आपल्या मुलाच्या नोंदी १८७७ मध्ये छापल्या त्या घरच्या वहीतून. वर्नर लिओपोल्ड यांनी आपल्या मुलीच्या दोन भाषांवर चार खंड लिहिले तेही असेच. वाचकहो, घरात किंवा अंगणवाडीत एखादे बोलू लागलेले मूल असेल तर एक वही घाला. आईबापांना विचारल्याशिवाय नोंद करू नका आणि वहीत मुलाचे खरे नाव लिहू नका. तारीख लिहा, मुलाचे वय वर्षे-महिन्यांत लिहा, मुलाच्या बोलण्याआधी कोण काय म्हणाले ते लिहा, घरात कोणती बोली चालते ते पहिल्या पानावर नोंदवा. आणि मूल 'करलं' म्हणाले तर 'करलं'च लिहा. 'केलं' करून लिहू नका.